रेल्वेचा वारसा ठाण्याला थांबत नाही

दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की ठाण्याचं नाव दोन-तीन दिवस बातम्यांत येतं. १८५३ साली त्या शनिवारी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून चौदा डब्यांची आगगाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं तिला जोडली होती. एकवीस तोफांची सलामी झाली, सुमारे चारशे निमंत्रित आत बसले आणि ३४ किलोमीटरचं अंतर कापून गाडी ठाण्याला पोचली. शाळेत हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे. त्या दिवशी फलाटावर हार-तुरे होतात, भाषणं होतात, फोटो निघतात. ठाण्याला ऐतिहासिक स्थानकाचा मान मिळावा, ही मागणी पुन्हा एकदा होते. १७ एप्रिलला सकाळी लोक नेहमीसारखे धक्के खात गाडीत चढतात.

मी कळव्यात राहतो. ठाणं सोडल्यावर गाडी खाडी ओलांडते आणि पहिलं स्टेशन लागतं ते आमचं. म्हणून या उत्सवाकडे मी जरा बाजूला उभा राहून बघतो. भाषणं ठाण्याला थांबतात, पण रूळ तिथे थांबले नव्हते. जेमतेम वर्षभरात, १ मे १८५४ रोजी, गाडी खाडी पार करून कल्याणपर्यंत गेली. मुंबई ते ठाणे हा टप्पा तुलनेने सोपा होता. पुढे खाडीवर दगडी कमानींचा पूल बांधायचा होता आणि मग पारसिकच्या डोंगराशी गाठ होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी हा डोंगर एकदम फोडला नाही. त्यांनी डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून, मुंब्र्याला वळसा घालून रूळ नेले. डोंगराची सोंड आडवी आली तिथे लहान बोगदे खणले. या देशातल्या रेल्वेने डोंगर पोखरण्याचे पहिले धडे आमच्या दारात गिरवले.

माझं म्हणणं एवढंच आहे की, रेल्वेचा वारसा सांगताना आपण समारंभाची जागा लक्षात ठेवतो आणि कामाची जागा विसरतो. पाहुणे जिथे उतरले ते ठाणं इतिहासात गेलं. मजूर जिथे राबले, जिथे आजही गाड्या धुतल्या-दुरुस्त केल्या जातात आणि जिथून रोज लाखो माणसं जीव मुठीत धरून जातात, तो कळवा-मुंब्रा-दिवा पट्टा इतिहासात आलाच नाही. हा विसर रेल्वेपुरता राहत नाही. कोणाचा भूतकाळ जपण्यालायक आणि कोणाचा नाही, हे ठरवण्याची आपली जी सवय आहे, तिचाच हा एक नमुना आहे.

आमच्या पट्ट्यात काय काय आहे ते आधी बघू. १९१६ साली पारसिकचा बोगदा सुरू झाला. सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा हा बोगदा खणल्यामुळे मुंब्र्याचा वळसा वाचला आणि पुण्याकडे, नाशिककडे जाणाऱ्या गाड्या थेट डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या. शंभर वर्षांहून जास्त काळ त्याच्यातून गाड्या धावत आहेत. कित्येक पिढ्यांनी फास्ट लोकलच्या दारात उभं राहून तो अंधार, तो आवाज आणि तो गार वारा अनुभवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, तेव्हा फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने वळवल्या गेल्या आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. आमच्या पोरांना आता तो बोगदा गावाला जातानाच भेटतो. बोगद्याच्या डोक्यावर वस्ती आहे. तिचं पाणी, तिचा कचरा आणि तिची सुरक्षितता यावर पावसाळ्यात चर्चा होते आणि पाऊस थांबला की चर्चाही थांबते.

त्याशिवाय कळव्याची कारशेड आहे. पहाटे इथून रिकामे रेक निघतात तेव्हा ठाणे जिल्ह्याचा दिवस सुरू होतो. खारीगावचं फाटक होतं. त्या फाटकात उभ्या राहिलेल्या माणसांच्या वेळेची बेरीज केली तर कितीतरी आयुष्यं भरतील. खाडीवर गाड्या-माणसांसाठी बांधलेला जुना ब्रिटिशकालीन कळवा पूल आहे, तो वाहतुकीला बंद होऊन आता नुसता उभा आहे. विटाव्याला रेल्वेखालून जाणारा रस्ता आहे, तो दर पावसाळ्यात तुंबतो. यातल्या कुठल्याही जागेचा इतिहास येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन ओळींत सांगेल असा फलक मला तरी रोजच्या वाटेवर दिसलेला नाही.

कोणी म्हणेल, हे सगळं वारशात कसं बसतं? वारसा म्हणजे घुमट, कमानी, रंगीत काचा. बोरीबंदरची फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी उभी केलेली इमारत २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, ती त्या लायकीची आहेच. पण वारशाची व्याख्या इतकी अरुंद ठेवली तर राजाचा वाडा वारसा ठरतो आणि पाणवठा ठरत नाही. जगात सगळीकडे असं मानत नाहीत.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात अल्टूना नावाचं एक गाव आहे, रेल्वेच्या कारखान्यांवर वाढलेलं. त्याच्याजवळ डोंगर चढण्यासाठी रुळांना घोड्याच्या नालेसारखं वळण दिलं आहे. नाव हॉर्सशू कर्व्ह. ते सुरू झालं फेब्रुवारी १८५४ मध्ये, म्हणजे आमच्या ठाणे-कल्याण मार्गाच्या अडीच महिने आधी. तिथेही अडचण तीच होती, आडवा डोंगर आणि त्याला वळसा. हे वळण सुमारे साडेचारशे आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यांनी खणलं. त्या वळणाला १९६६ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच्या पोटात लोकांना बसून गाड्या बघता याव्यात म्हणून बाग आहे, माहिती केंद्र आहे. गाड्या आजही त्यावरून धावतात. शाळेची मुलं सहलीला येतात आणि आपल्या गावाने देशाला काय दिलं ते ऐकून जातात.

त्याच वर्षी, तशाच डोंगराला वळसा घालून आलेला आमचा मुंब्र्याचा मार्ग देशाला कधी माहीत झाला? ९ जून २०२५ रोजी. त्या सोमवारी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींना ओलांडत होत्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. चार मृत्यूंची बातमी त्याच दिवशी आली. त्यानंतर वळणाची वक्रता, दोन रुळांमधलं अंतर, पाठीवरच्या पिशव्या, आपोआप बंद होणारे दरवाजे यावर आठवडाभर बोलणं झालं. खाडी आणि डोंगराच्या मधून वळत जाणारी ही वाट पावणेदोनशे वर्षं आपल्यासोबत आहे. पण ती आपल्याला अपघाताच्या बातमीतूनच भेटते.

आता मजुरांचं. त्या आयरिश मजुरांची गोष्ट पेनसिल्व्हेनियातच आणखी एका जागी पुढे जाते आणि ती आपल्याला जास्त शिकवणारी आहे. माल्व्हर्न या छोट्या गावाजवळ १८३२ साली रेल्वेसाठी भराव टाकताना सत्तावन्न आयरिश मजूर मेले. काही पटकीने, तर काहींना बहुधा मारून टाकलं गेलं. तेव्हा अमेरिकेत आयरिश कॅथलिक म्हणजे परका, घाणेरडा, संशयित. मेलेल्यांना रुळांशेजारीच पुरलं गेलं आणि विषय संपला. पावणेदोनशे वर्षांनी तिथल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकाने आणि त्याच्या भावाने जुनी कागदपत्रं उकरली. २००४ साली त्या जागी सरकारी फलक लागला, २००९ मध्ये हाडं सापडू लागली आणि काहींना पुढे रीतसर दफन मिळालं. ‘डफीज कट’ या नावाने ही जागा आता ओळखली जाते. एका गावाने आपल्या रेल्वेच्या इतिहासात स्टेशनाच्या सुंदर इमारतीबरोबर त्या सत्तावन्न जणांनाही जागा दिली.

आमच्या बोरघाटाचं काय? कळव्यावरून कर्जतकडे जाणारी प्रत्येक गाडी पुढे ज्या घाटाला भिडते, तो घाट १८५६ ते १८६३ या काळात फोडला गेला. ऐन भरात या एका कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसं होती. १८५९ साली मजुरीवरून तिथे दंगा झाला. पटकीच्या साथी आल्या. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच मेला. त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव इतिहासात आहे, आणि ते असायलाच हवं. पण तिच्या कामावर मेलेल्या हजारोंपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. ते कोण होते? घाटावरचे, कोकणातले, दुष्काळाने गाव सोडलेले. त्यांत दलित असतील, आदिवासी असतील, कुणबी असतील, मुसलमान असतील. मेल्यावर कोणाला जाळलं, कोणाला पुरलं, हे विचारायलाही कोणी उरलं नाही.

आणि पैसा कोणाचा होता? १८४९ च्या कराराने ईस्ट इंडिया कंपनीने या रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. तिजोरी म्हणजे शेतसारा. लंडनमधल्या भागधारकाचं व्याज इथल्या रयतेने भरलं. तेव्हा ‘इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली’ हे वाक्य मला कधीच पटत नाही. रेल्वे इथल्या माणसांनी आपल्या घामाने आणि आपल्या पैशाने बांधली. वारसदार म्हणून आपला हक्क तिथून सुरू होतो.

इथे मला माझ्या समाजाशी थोडं बोलायचं आहे.

असा विषय निघाला की आपल्याकडे लगेच यादी तयार होते. रेल्वेत मुसलमानांचं योगदान काय? मग माथेरानचं नाव निघतं. नेरळ-माथेरानची छोटी गाडी १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे दाऊदी बोहरा उद्योजक आणि दानशूर गृहस्थ. सोळा लाख रुपये खर्च आला, जो त्या काळी प्रचंड होता. दोन फूट रुंदीचे रूळ, सुमारे एकवीस किलोमीटरचा चढ. २००५ च्या २६ जुलैच्या पावसात हा मार्ग वाहून गेला आणि २००७ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या डोंगरी रेल्वे युनेस्कोच्या यादीत गेल्या. माथेरानची गाडी अजून संभाव्य यादीत वाट बघते आहे.

ही गोष्ट सांगायलाच हवी. माथेरानला जाणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांना पीरभॉय हे नाव माहीत नसतं, हे बरं नाही. पण ती कशासाठी सांगायची, याचा विचार करा. ‘बघा, आम्हीही काहीतरी दिलं, आता तरी आम्हाला आपलं म्हणा’ या सुरात सांगायची असेल तर मला ती नको. भाडेकरू पावत्या जपून ठेवतो, कारण त्याला कधीही खोली रिकामी करायला सांगतील अशी भीती असते. घरच्या माणसाला पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. पीरभॉयांनी गाडी बांधली नसती तरी या रेल्वेवर माझा तेवढाच हक्क असता, जेवढा बोरघाटात मेलेल्या एखाद्या ठाकर मजुराच्या पणतूचा आहे. आणि खरं सांगायचं तर पीरभॉयांची ती गाडी म्हणजे सदका-ए-जारिया नव्हती, धंदा होता. धंदेवाईक माणसाने हिंमत करून पैसा लावला आणि पुढच्या पिढ्यांना त्याचा फायदा झाला. इतिहास असाच सांगावा. संतचरित्र करायला गेलो की समोरचा माणूस ते भाषण समजून ऐकतो आणि विसरतो.

यादी करायचीच असेल तर श्रीमंतांच्या पलीकडे जाऊन करू. कोळसा लोटणारे फायरमन, पुलाचे गर्डर चढवणारे खलाशी, रुळांवर हातोडा घेऊन चालणारे गँगमन, कारशेडमधले फिटर, फलाटावरचे हमाल, चहावाले. त्यांत सगळ्या जातीधर्मांचे लोक होते. कळवा, मुंब्रा, कल्याण, भिवंडी या भागातल्या कितीतरी मुसलमान घरांत आजोबा रेल्वेत होते. त्यांची सर्व्हिस बुकं, पितळी बिल्ले, पासची पुस्तकं, निरोप समारंभाचे फोटो पेट्यांत पडलेले असतात. घर बदलताना ते रद्दीत जातात. सरकारने आपला इतिहास जपला नाही अशी तक्रार करणारे आपण, आपल्या पेटीतला इतिहास किलोवर विकतो. हे आधी थांबवलं पाहिजे, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

रेल्वेच्या इतिहासात अभिमानाने सांगण्यासारखं सगळंच नाही. देशाच्या अनेक स्टेशनांवर एके काळी ‘हिंदू पानी’ आणि ‘मुस्लिम पानी’ वेगळं मिळायचं. एकाच गाडीतून उतरलेली, एकाच उन्हाने तहानलेली माणसं दोन भांड्यांकडे जायची, आणि दलित प्रवाशाला तर दोन्हींकडे नीट जागा नव्हती. हेही वारशात येतं. ते लपवलं तर पुढच्या पिढीला कळणार नाही की, लोकलच्या डब्याने काय काय मोडलं.

कारण लोकलने मोडलं हे नक्की. चौथ्या सीटवर टेकणाऱ्याला कोणी आडनाव विचारत नाही. रमजानमध्ये मगरिबची वेळ होते तेव्हा संध्याकाळच्या गाडीत कोणीतरी खजुराची डबी उघडतो आणि ती ओळीने फिरते. घेणाऱ्यांतले निम्मे रोजेदार नसतात. त्याच डब्याच्या दुसऱ्या टोकाला भजनी मंडळाचे टाळ चाललेले असतात आणि उपवास सोडणाऱ्याला पाण्याची बाटली तिकडूनच येते. मुंब्रा आलं की डोंगरावर देवीचं देऊळ दिसतं आणि खाली मशिदींचे मिनार, खिडकीतून हात दोन्हींसाठी छातीकडे जातात. हे मी रंगवून सांगत नाही. या मार्गावर प्रवास करणाऱ्या कुणालाही विचारा.

पण मुंब्रा वाढलं कसं, हेही सांगावं लागतं. कौसा-मुंब्र्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती होतीच. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुसलमान कुटुंबं जीव वाचवायला इथे आली. घर स्वस्त होतं, आसपास आपले लोक होते आणि मुंबईत कामाला जायला लोकल होती. लोकल नसती तर हे शहर उभं राहिलं नसतं. उखडलेल्या माणसांना रेल्वेने रोजगाराशी जोडून ठेवलं. हे स्टेशन हजारो घरांसाठी नव्या आयुष्याचं पहिलं पाऊल आहे. अमेरिकेत एखाद्या गावाचं जुनं स्टेशन जपतात, तेव्हा ‘आमचे आजी-आजोबा इथे उतरले होते’ हेच सांगत असतात. मुंब्र्याच्या स्टेशनाबद्दल हे कोणी का सांगू नये?

आणि डब्यातला तो भरवसा आज धोक्यात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत इगतपुरीजवळ एका वृद्ध मुसलमान प्रवाशाला गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. ते कल्याणला आपल्या मुलीकडे निघाले होते. आमच्याच मार्गावरची ही गोष्ट. त्याआधी जुलै २०२३ मध्ये जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, पालघरच्या आसपास, रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानानेच आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्या. तेव्हापासून आमच्या घरांत लांबच्या प्रवासाला निघताना डब्यात काय भरायचं, टोपी घालायची की खिशात ठेवायची, यावर बोलणं होतं. जो डबा गेल्या कित्येक पिढ्यांनी अनोळखी माणसाच्या खांद्यावर झोपण्याची जागा म्हणून कमावला, तो आपण गमावतो आहोत. वारशाच्या यादीत दगडाच्या इमारतीआधी मी हा भरवसा लिहीन.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की, माणसं मरत असताना वारसा कसला सुचतो? मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत दरसाल दोन हजारांहून अधिक जीव गेले. कळवेकरांना सकाळच्या फास्ट गाडीचा थांबा हवा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी आलेली वातानुकूलित गाडी इथल्या प्रवाशांनी कारशेडजवळ अडवली होती, ती हौस म्हणून नव्हे. अशा माणसाला १८५४ सालाचं काय कौतुक? माझं उत्तर असं आहे की, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. ज्या जागेला इतिहास नाही असं मानलं जातं, तिथल्या माणसाची किंमतही कमी धरली जाते. बोरीबंदरच्या इमारतीला तडा गेला तर देशभर बातमी होते, कारण ती कोणाची तरी आहे असं सगळ्यांना वाटतं. कळवा-मुंब्रा मधला पट्टा म्हणजे ठाणे आणि कल्याण यांच्यामधली गर्दी, असंच मानलं गेलं तर थांबे, पूल, फलाट, दरवाजे या सगळ्यांत आमचा नंबर शेवटी लागणार. आपण देशातल्या सर्वात जुन्या रेल्वेमार्गांपैकी एकावर राहतो, हे ज्याला ठाऊक आहे तो थांबा मागताना भीक मागितल्यासारखा बोलणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. चालत्या स्टेशनावर, एवढ्या गर्दीत, जतन कसं करणार? याचं उत्तर याच मार्गावर, भायखळ्याला आहे. तिथलं जुनं स्टेशन रोजच्या वाहतुकीसाठी चालू ठेवून नीट दुरुस्त केलं गेलं आणि त्याला युनेस्कोचा २०२२ चा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. नागपाडा-मदनपुऱ्याचा कामगार मुसलमान, लालबाग-परळचा मराठी माणूस, सगळेच ते वापरतात. गर्दी आणि जतन यांचं वैर नाही, हे तिथे कुणीही जाऊन बघावं.

कळव्यासाठी माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पारसिक बोगदा, खाडीवरचा रेल्वे पूल, जुना कळवा पूल आणि मुंब्र्याचा वळसा या चार जागांची नोंद ऐतिहासिक रेल्वे वारसा म्हणून व्हावी आणि कळवा-मुंब्रा स्टेशनांवर त्यांची माहिती सांगणारे फलक लागावेत. ते मराठी, हिंदी, इंग्रजीबरोबर उर्दूतही असावेत. जुना कळवा पूल पाडण्याऐवजी किंवा पडू देण्याऐवजी पायी चालणाऱ्यांसाठी दुरुस्त करता येईल का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. ठाण्यात जे काही रेल्वे स्मारक किंवा संग्रहालय होईल, त्यात तीन इंजिनांच्या प्रतिकृतीशेजारी मजुरांसाठी एक भिंत असावी. बोरघाटात मेलेल्यांची नावं नसली तरी आकडा, वर्ष आणि काम लिहिता येतं. ९ जून २०२५ रोजी गेलेल्यांसाठीही मुंब्र्यात एक दगड असावा.

उरलेलं काम आपलं आहे. आपल्या भागातल्या शाळा-कॉलेजांनी, मराठी आणि उर्दू माध्यमाच्या दोन्ही, मुलांना निवृत्त रेल्वे कामगारांकडे पाठवावं. मोबाइलवर त्यांचं बोलणं नोंदवून घ्यावं: पहिली ड्यूटी कुठली, पगार किती, संपात काय झालं, दंगलीच्या दिवसांत गाडी कशी चालवली. मशिदीच्या आणि मोहल्ल्याच्या वाचनालयांत एक कपाट या कागदांसाठी ठेवायला फार खर्च येत नाही. ज्यांनी हे पाहिलं ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या वर्षी १६ एप्रिलला ठाण्याच्या फलाटावर हार घालून झाले की एक पुढची गाडी पकडून कळव्याला उतरा. तोपर्यंत अशा दहा माणसांचं बोलणं जरी नोंदवून झालं, तरी दाखवण्यासारखं आमच्याकडे काहीतरी असेल.